जमुनेच्या नावापुढची कोरी ओळ

शुक्रवारी पहाटे जमुनेच्या हातून तिसऱ्यांदा पाणी सांडलं, तेव्हा कुंतीनं आईच्या हातातला तांब्या काढून घेतला. पोर आठ वर्षांची, पण आईचं चित्त ठिकाणावर नाही एवढं तिला कळत होतं.

आदल्या संध्याकाळी नंदलाल गाडीवान निरोप घेऊन आला होता. नंदलाल मोंतान्य ब्लांशच्या मळ्यातली साखरेची पोती खेचरांच्या गाडीतून बंदरावर नेई आणि येताना सगळ्या वस्तीचे निरोप आणी. माणूस भोजपुरी मुलखातला, बोलायला मोकळा. पण काल तो दारातच घुटमळला.

"भौजी, लक्ष्मणभैयाला देशी पाठवतायत. उद्या नाही, परवा. शनिवारी दुपारी जहाज सुटतंय."

"एकट्याला?"

"एकट्यालाच."

लक्ष्मण म्हणजे जमुनेचा नवरा. दोन महिन्यांपूर्वी ऊस गाळताना त्याचा उजवा हात चरकात सापडला आणि मनगटापासून गेला. मळेवाल्यांनी त्याला बंदरातल्या दवाखान्यात पोचवलं. जखम भरली, पण हात काही परत उगवत नाही. जो कामाला निकामी झाला आणि ज्याला या बेटावर पोसणारं कोणी नाही, त्याला परतीच्या जहाजात बसवायचं, असा साहेबांचा रिवाज होता.

"पोसणारं कोणी नाही म्हणजे? मी काय मेले?" जमुना म्हणाली.

"तेच भैयानंही सांगितलं. साहेब म्हणाला, बायको म्हणून कुणीही उभी राहील. वही काढली, तुझं नाव शोधलं. तुझ्या नावापुढं नवऱ्याची ओळ कोरी आहे, भौजी. आता तू स्वतः जायचं. आपल्या तोंडानं नवऱ्याचं नाव सांगायचं, त्याच्या बापाचं सांगायचं, गाव सांगायचं. भैयाच्या ओळीशी जुळलं तर भैया तुझा. उद्या चारला कचेरी बंद होते."

"तुम्हीच चला ना माझ्याबरोबर. तुम्ही सांगा नाव."

"माझं काय चालतंय तिथं? आणि माझी गाडी सोमवारशिवाय सुटत नाही." नंदलालनं मान खाली घातली. "तुझ्याच तोंडानं, असं साहेब दोनदा म्हणाला."

इथं नऊ वर्षं मागं जायला हवं.

जमुना आणि लक्ष्मण रत्नागिरीकडून मुंबईला आणि मुंबईहून जहाजानं या बेटावर उतरले, तेव्हा ती अठरा वर्षांची होती. सहा आठवडे समुद्र लागून ती पार पिळून निघाली होती. बंदराच्या घाटावर पुरुषांची रांग वेगळी, बायकांची वेगळी. तिच्या रांगेपुढच्या साहेबानं दुभाष्याकरवी विचारलं, नाव काय, बापाचं नाव काय. तिनं सांगितलं. मग विचारलं, नवऱ्याचं नाव काय. आणि जमुनेच्या तोंडाला कुलूप लागलं.

आमच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. हाक मारायची तर 'अहो', कुणाशी बोलायचं तर 'घरचे' किंवा 'अमक्याचा बाप'. ही नुसती लाज नव्हती. नाव तोंडातून गेलं की त्या माणसाच्या आयुष्याचा एक दिवस गळून पडतो, असं जमुनेनं आईकडून ऐकलं होतं. शिवाय एक गोष्ट तिनं डोळ्यांनी पाहिली होती. तिच्या मावशीनं एकदा भांडणाच्या भरात भर अंगणात नवऱ्याचं नाव घेतलं, आणि तिसऱ्या दिवशी तो भाताच्या खाचरात साप चावून गेला. मावशीला मग कुणी काही बोललं नाही. न बोलणंच पुरेसं होतं.

म्हणून ती घाटावर गप्प राहिली. पलीकडच्या रांगेत नवरा उभा होता, तो सांगेलच असं तिला वाटलं. पण त्याला बायकोबद्दल कुणी विचारलंच नाही. दुभाष्यानं वाट पाहिली, साहेबानं कंटाळून पान उलटलं, आणि ओळ कोरी राहिली ती राहिली. पुढे दोघांना एकच मळा मिळाला, एकच झोपडी मिळाली, कुंती झाली. कोऱ्या ओळीची आठवण कुणाला यायला?

आणि आता ती ओळ नवऱ्याला समुद्रापार ओढून नेत होती. जमुनेच्या करारात अजून दोन वर्षं बाकी होती. तिला मागून जाता येणार नव्हतं.

नशीब एवढंच, की गुरुवारी रात्री घड्याळवाले मुस्ये मळ्यावर मुक्कामाला होते. साहेबाला इथं सगळे 'मुस्ये' म्हणत. हे मुस्ये जातीचे ज्यू, मुलूख जर्मनीचा, वय पन्नाशीकडे झुकलेलं. एका खेचराच्या छकड्यातून ते मळोमळी फिरत, बिघडलेली घड्याळं गोळा करत आणि बंदरातल्या आपल्या दुकानात दुरुस्त करत. बाहेरगावी जाण्याची चिठ्ठी मळ्याच्या कारकुनाकडून घेऊन जमुना त्यांच्यापुढं उभी राहिली, तेव्हा त्यांनी कारणही विचारलं नाही. फक्त मळ्यावरच्या बोलीत म्हणाले, "पोरीच्या मांडीवर एक घड्याळ ठेवावं लागेल. जागा नाही."

छकडा निघाला. रस्ता उसातून जात होता आणि वरून बारीक पाऊस झिमझिमत होता. मागं पेट्यांमध्ये दहा-बारा घड्याळं टिकटिकत होती, आणि एकाचंही दुसऱ्याशी पटत नव्हतं. कुंतीच्या मांडीवरच्या घड्याळानं तर मध्येच नऊ ठोके दिले.

"नऊ वाजले?" जमुना दचकून म्हणाली.

"सात वाजायचेत अजून."

"मग यातलं खरं कुठलं, मुस्ये?"

"खरं असतं तर माझ्याकडे कशाला आलं असतं?"

कुंती हसली. जमुनेला हसू आलं नाही. सकाळपासून ती मनातल्या मनात ते नाव उच्चारून पाहत होती. पहिलं अक्षर जिभेवर आलं की खाचरातला तो हिरवा भात डोळ्यांपुढं येई. नवरा आधीच अर्धा झालेला. त्याचा आणखी एक दिवस कमी करायचा, तोही आपल्याच तोंडानं?

कार्तिए मिलितेर गावाच्या अलीकडे चाक चिखलात रुतलं. मुस्येंनी खांदा लावला, जमुनेनं पाचटाच्या पेंढ्या चाकाखाली सारल्या. तासभर गेला. वर चौफुलीवर पोलिसानं अडवलं. त्यानं जमुनेची चिठ्ठी उलटीसुलटी पाहिली, मग मुस्येंकडे वळला.

"नाव?"

"सिमोन बांबेर्गर."

पोलिसानं लिहून घेतलं आणि सोडलं. थोडं पुढं गेल्यावर कुंतीनं विचारलं, "बांबेर्गर म्हणजे काय?"

"म्हणजे बांबेर्ग गावचा. मोठं गाव आहे, नदीकाठचं."

"आमच्यातही तसंच," जमुना म्हणाली. बोललं की जीव थोडा हलका होत होता. "चिपळूणचा तो चिपळूणकर. तुमचं घर त्या गावात का?"

"मी ते गाव पाहिलेलंही नाही." मुस्येंनी लगाम सैल सोडला. "ऐक पोरी, तुला सांगतो. माझ्या आजोबांना आडनाव नव्हतं. आमच्या लोकांत कुणालाच नसे. आजोबा मायर, त्यांचे वडील लाइब. म्हणून आजोबा 'मायर, लाइबचा मुलगा'. संपलं नाव."

"आमच्यासारखंच," कुंती म्हणाली.

"हो ना? मग सरकारनं फर्मान काढलं. सगळ्या ज्यूंनी आडनाव घ्यायचं, पिढ्यान्‌पिढ्या तेच चालवायचं. म्हणजे कर वसूल करायला सोपं, शिपाईगिरीला पोरं धरायला सोपं. टेबल मांडलं, वही उघडली. कुणी धंद्याचं नाव घेतलं, कुणी घरावरच्या पाटीचं, कुणी गावाचं. आजोबा म्हणाले, आमचे वाडवडील बांबेर्गहून आले. लिहिलं बांबेर्गर. गंमत अशी, की त्या गावाहून बाहेर पडलेल्या ख्रिस्ती लोकांचंही तेच आडनाव. आमच्या आधी कितीतरी वर्षांपासून. आज एखाद्या बंदरात बांबेर्गर म्हणून हाक मारलीस, तर एक पाव भाजणारा वळेल, एक पाद्री वळेल आणि एक माझ्यासारखा. तिघांचं एकमेकांशी काही नातं नाही."

त्यांनी कोटातून एक फुगलेली वही काढली. "प्रत्येक बंदरात विचारतो. भेटलेला प्रत्येक बांबेर्गर यात आहे. माझा एकही नाही."

"तुमचा कोण हरवलाय?" जमुनेनं विचारलं.

पाऊस थांबला होता. समोर डोक्यावर धोंडा घेतलेला डोंगर ढगातून अर्धा बाहेर आला होता.

"आजोबांना एक भाऊ होता, योसेफ. दोन दिवसांच्या वाटेवर, दुसऱ्या गावात. टेबलामागच्या माणसानं आजोबांना विचारलं, तुला भाऊ आहे का? आजोबा गप्प राहिले. त्यांना वाटलं, नाव सांगितलं तर भावाला धरून फौजेत घालतील. जीव वाचवायला गप्प राहिले. योसेफनं आपल्या गावात दुसरंच काही आडनाव घेतलं. काय घेतलं ते कळायच्या आत बायकापोरांसह निघून गेला. एक भाऊ बांबेर्गर, दुसरा कोण जाणे कोण. त्याची नातवंडं उद्या माझ्या दुकानात घड्याळ घेऊन आली, तरी मला ओळखू येणार नाहीत."

"मग तुम्ही बांबेर्गर का विचारता?" कुंती म्हणाली. "ते तर त्यांचं नावच नाही."

"कुंते, मोठ्यांशी—"

"योसेफ विचारा ना. लाइबचा मुलगा योसेफ. आम्ही तसंच विचारतो."

मुस्येंनी लगाम ओढला. खेचर थांबलं. ते पोरीकडे बघत राहिले, जशी एखादी कमान घड्याळातून अवचित उडून हातात यावी. मग वहीचं शेवटचं कोरं पान उघडून त्यांनी पेन्सिलीनं एकच ओळ लिहिली आणि छकडा हाकला.

जमुनेच्या डोक्यात मात्र एकच शब्द घुमत होता. गप्प राहिले. जीव वाचवायला गप्प राहिले, आणि भाऊ कायमचा गेला.

बंदरात पोचले तेव्हा मुस्येंच्या खिशातल्या घड्याळात, आणि ते मात्र बरोबर होतं, साडेतीन झाले होते. मुस्येंनी त्या दोघींना घाटाच्या दगडी पायऱ्यांशी सोडलं. जमुना धावत सुटली. मागून कुंती.

कचेरीच्या ओसरीवर माणसं बसली होती. पलीकडच्या छपरीत, कुडाआड, उद्याच्या जहाजाचे लोक ठेवले होते. त्यांच्यात एक उजवा हात पंच्यात गुंडाळलेला माणूस उभा राहिला. जमुनेनं पाहिलं आणि नजर खाली केली. तो पार वाळला होता.

"आलीस?" तो एवढंच म्हणाला.

"आले वो."

आत टेबलामागं साहेब होता. बाजूला दुभाष्या, मुंबईकडचा, पिकल्या मिशांचा. साहेबाची वही आधीच उघडी होती.

"नाव?" दुभाष्यानं विचारलं.

"जमुना."

"नवऱ्याचं नाव?"

जमुनेनं पदर ओढून घेतला.

"लक्ष्मण," कुंती म्हणाली. "माझ्या बाचं नाव लक्ष्मण."

साहेबानं बोट हलवलं. दुभाष्या म्हणाला, "पोरीचं नको म्हणतात. शिकवून आणलेली पोरं रोज येतात इथं. बाई, तुम्ही बोला."

"तुम्ही तर आपल्याकडचे," जमुना हळूच म्हणाली. "तुम्हाला ठाऊक आहे ना, आम्ही..."

"मला ठाऊक आहे हो. माझी बायको मला वीस वर्षं 'ऐकलं का' म्हणते. मला वाटायला लागलंय, माझं नावच ते." मग तो गंभीर झाला. "पण या वहीला ठाऊक नाही. साहेबाला चारला उठायचंय."

साहेबानं टाक खाली ठेवला आणि मागच्या माणसाला पुढं येण्याची खूण केली.

जमुनेला वहीतली ती कोरी ओळ दिसली. वाचता येत नव्हतं, पण कोरं ते कोरं. बाकी सगळ्या ओळींवर मुंग्यांसारखी अक्षरं होती, आणि एका जागी पांढरं. नऊ वर्षं ते तिथं तिची वाट बघत बसलं होतं. बोललं तर साप. न बोललं तर समुद्र. साप चावेलच असं नाही. समुद्र मात्र उद्या दुपारी नक्की.

आणि तेव्हा तिला आठवलं, की एका रीतीनं नाव घेतलेलं चालतं. लग्नात, हळदीकुंकवाला, बारशाला बायका उखाण्यात नवऱ्याचं नाव गुंफतात, आणि तसं घेतलेलं नाव आयुष्य खात नाही, वाढवतं. पण त्याला सण लागतो. इथं कुठला सण? तुरुंगासारखी भिंत, शाईचा वास, परका साहेब.

तिनं दारातून छपरीकडे पाहिलं. तो कुडाला धरून उभा होता, डाव्या हातानं. आज हा माणूस मला परत मिळणार असेल, तर यापरता सण तो कोणता?

"थांबा," ती म्हणाली.

तिनं पदर नीट डोक्यावर घेतला. कपाळावरचं कुंकू पावसानं पुसट झालं होतं, ते बोटानं सारखं केलं. गळ्यातली काळी पोत मुठीत धरली. आणि खणखणीत आवाजात म्हणाली:

"काळं पाणी ओलांडलं बोटीच्या फळीवर,
लक्ष्मणरावांचं नाव घेते साहेबांच्या कोऱ्या ओळीवर."

ओसरीवरच्या दोन-तीन बायका तोंडाला पदर लावून हसल्या. साहेबानं चमकून दुभाष्याकडे पाहिलं. ही बाई गाणं का म्हणते, असं त्यानं विचारलं असावं.

दुभाष्या साहेबाच्या भाषेत काहीबाही म्हणाला. नंतर जमुनेकडे वळून हसला. "सांगितलं त्याला, आमच्यात शपथ अशीच घेतात. आता सासऱ्याचं नाव? की त्यालाही उखाणा?"

"रामजी. गाव पालशेत." सासऱ्याचं नावही सुना घेत नाहीत, पण बांध एकदा फुटला की पाणी कुणाला विचारत नाही.

साहेबानं दोन ओळींवर दोन बोटं ठेवली, मान डोलावली आणि टाक उचलला. कोरी जागा भरली. मग त्यानं पोरीकडे पाहिलं.

"हिचं नाव? आणि आडनाव?"

जमुना गोंधळली. रामजीच्या घराला गावात आडनाव होतं, पण ते या वहीत कधी चढलंच नव्हतं.

"इथं बापाचंच नाव आडनाव म्हणून घालतात," दुभाष्या म्हणाला. "तुम्हाला तेच, पोरीला तेच, पुढं नातवंडांना तेच. लिहू?"

"लिहा."

रात्री तिघं मुस्येंच्या दुकानामागच्या पडवीत झोपले; म्हणजे बाप-लेक झोपले. जमुना दर थोड्या वेळानं उठून नवऱ्याच्या नाकाशी हात धरून पाहत होती.

सकाळी ते चालत निघाले. धक्क्यावर मुस्ये दिसले. उघडी वही घेऊन ते एका जर्मन खलाशाशी बोलत होते. काय विचारत होते ते ऐकू आलं नाही, पण वही शेवटच्या पानावर उघडी होती. कुंतीनं हात हलवला. त्यांनी टोपी काढली.

मोका गावचा चढ लागला तेव्हा दुपार झाली होती. वळणावरून मागं बंदर दिसत होतं. देशी जाणारं जहाज शिडं सोडून हळूहळू बाहेर पडत होतं. लक्ष्मण थांबून बघत राहिला.

"पुढं बघून चाला," जमुना म्हणाली. "दगड आहेत. आणि गवतातून नका जाऊ."

"या बेटावर साप नाहीत गं विषारी."

"नसू देत. मधून चाला."

तो मधून चालू लागला. थोड्या वेळानं म्हणाला, "काल काय म्हणालीस ते मला नीट ऐकू आलं नाही. पुन्हा म्हण की."

"गप बसा."

पुढं कुंती पावलाच्या ठेक्यावर आपलं नवं नाव घोकत चढ चढत होती. कुंती लक्ष्मण. कुंती लक्ष्मण. घड्याळासारखी, न थांबता. दर वेळी जमुना वळून बघे. तो होता. घामाघूम, एका हातानं गाठोडं सावरत, पण होता.

"कुंते, पुरे कर," ती म्हणाली.

"का? साहेबानंच लिहिलंय. तुझंही तेच आहे."

सोमवारी पहाटे हजेरीला मुकादम ते नाव सगळ्या मळ्यापुढं ओरडणार होता, आणि जमुनेला 'आहे' म्हणावं लागणार होतं. तिनं पदर खोचला, नवऱ्याच्या खांद्यावरचं गाठोडं काढून आपल्या डोक्यावर घेतलं आणि त्याला पुढं घालून, त्याच्या पावलांवर नजर ठेवत, ती चढू लागली.